डेब्रिजचा डंपर घरातलाच असेल तर?

वाचकाचं पत्र

मी घणसोली गावात राहते. घरामागे बांध आणि बांधापलीकडे तिवरं. पाऊस संपल्यापासून रात्री बारानंतर तिथे डेब्रिजचे डंपर खाली होतात. बांधाची उघाडी, म्हणजे भरतीचं पाणी आत-बाहेर जायची वाट, बुजली. तेव्हापासून अमावास्येच्या उधाणालाही आत पाणी येत नाही, कडेची तिवरं पिवळी पडलीत. माझे सासरे याच पाण्यात निवट्या आणि चिंबोऱ्या पकडतात. अडचण अशी की यातले दोन डंपर माझ्या चुलत दिरांचे आहेत. ते म्हणतात, जागा सातबाऱ्यावर आपल्याच भावकीच्या नावावर आहे. पर्यावरणाच्या कायद्यातून जेल आता गेली, दंड भरला की विषय संपला. परवानगी नंतरही घेता येते असं सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय. आणि बुलेट ट्रेनसाठी तिवरं तोडलेली चालतात तर आमचीच का दिसतात? मी एका कार्यालयात फोन केला तर त्यांनी दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. यजमान म्हणतात, भावकीत वैर नको. मला नाव न सांगता तक्रार करता येईल का? आणि भाऊजी म्हणतात ते खरं आहे का?

— एक वाचक, घणसोली

उत्तर

ताई,

तुम्ही तक्रारीबद्दल विचारलंय, भाऊजींबद्दल विचारलंय, पण पत्रात मला सगळ्यात तातडीची वाटली ती उघाडी. आपल्या ठाणे खाडीतल्या कांदळवनात बहुतेक तिवरंच आहेत, आणि तिवराची श्वास घेणारी मुळं चिखलातून वर आलेली असतात. भरतीचं पाणी येऊन ओसरत राहिलं तरच झाड जगतं. त्यावर विटा-काँक्रीटचा थर बसला की मुळं गुदमरतात. पाण्याची वाट बंद झाली तर डेब्रिज न पडलेला भागही आतून वाळत जातो. तुम्ही लिहिलेला पिवळेपणा ही त्याचीच सुरुवात असू शकते. म्हणून तक्रार कोणाकडेही करा, तिच्यातली पहिली मागणी 'गुन्हा दाखल करा' ही ठेवू नका. पहिली मागणी: उघाडी ताबडतोब मोकळी करा. दुसरी: टाकलेलं डेब्रिज उचला. तिसरी: पुढचं टाकणं थांबवा. कारवाई त्यानंतर. अनेक तक्रारींचा शेवट एका दंडाच्या पावतीवर होतो आणि भराव तिथेच राहतो. दोन-तीन वर्षांत त्यावर गवत उगवतं, मग पत्र्याची शेड येते आणि मग 'इथे तिवरं होतीच कुठे' असा प्रश्न येतो.

आता भाऊजींचं म्हणणं. ते काही अडाणीपणाने बोलत नाहीत. चारही मुद्द्यांत थोडंथोडं खरं आहे, म्हणूनच ते ऐकणाऱ्याला पटतं.

सातबाऱ्याचा मुद्दा मात्र सगळ्यात कच्चा. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुपच्या याचिकेत आदेश दिला, त्यात जमीन कोणाच्या मालकीची आहे हे न बघता कांदळवनावर डेब्रिज किंवा कचरा टाकणं आणि त्याच्या भोवतीच्या ५० मीटरमध्ये बांधकाम करणं थांबवायला सांगितलं होतं. त्याच प्रकरणाचा अंतिम निकाल १७ सप्टेंबर २०१८ रोजी आला. न्यायमूर्ती अभय ओक त्या खंडपीठावर होते. त्यांची वकिली आपल्या ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात सुरू झालेली. खाडी त्यांना नकाशावरूनच माहीत होती असं म्हणता येणार नाही. कांदळवनाची नासधूस हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असं या निकालात म्हटलं आहे. तुमच्यासाठी त्याहून कामाची गोष्ट म्हणजे भराव घालून मारलेली कांदळवनं पूर्ववत करण्याची जबाबदारी त्यात राज्यावर टाकली आहे. तेव्हा तिवरं मेली की जागा 'मोकळी' झाली, हा हिशेब कायद्यात बसत नाही. सातबारा भावकीच्या नावावर असला तर तो जपून ठेवावा, पण त्यावर भराव टाकायचा हक्क लिहिलेला नाही.

कोणी २०१९ ची सीआरझेड अधिसूचना, म्हणजे किनारपट्टीवर काय करता येतं याचे नियम, पुढे करेल. तिच्यातली बफरची, म्हणजे भोवती मोकळ्या ठेवायच्या पट्ट्याची अट न्यायालयाच्या आदेशापेक्षा सैल आहे हे खरं आहे: कांदळवन १००० चौरस मीटरपेक्षा मोठं असेल तरच भोवतीचा ५० मीटरचा पट्टा लागू होतो. पण तो वाद तिवरांच्या बाजूच्या जमिनीचा. प्रत्यक्ष तिवरं त्या अधिसूचनेतही सीआरझेड-१ अ मध्येच, म्हणजे सगळ्यात कडक गटात आहेत. तुमच्याकडे डेब्रिज थेट मुळांवर पडतंय.

जेलचा मुद्दा अर्धा खरा. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण अधिनियम १९८६ चं कलम १५ बदललं आणि तो बदल १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. आधी पाच वर्षांपर्यंत कैद होती, तिच्या जागी आता १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत दंड आहे. मला हा बदल अजिबात पटलेला नाही. टॉवर उभारणाऱ्या विकासकाला १५ लाख म्हणजे खर्चाच्या यादीतली एक ओळ. पण भाऊजींनी पुढची कलमं वाचली आहेत का ते विचारा. उल्लंघन सुरूच राहिलं तर रोजचे १० हजार वेगळे लागू शकतात. आणि ठोठावलेला दंड ९० दिवसांत भरला नाही तर तीन वर्षांपर्यंत कैद त्याच कायद्यात पुन्हा येते. शिवाय ही जागा अधिसूचित कांदळवनात येत असेल तर भारतीय वन अधिनियम १९२७ वेगळा लागू होतो, आणि वनखातं गाडीवर हात टाकू शकतं. हप्त्यावर घेतलेला डंपर वनखात्याच्या आवारात उभा राहिला तर हप्ता कोण भरणार? ज्याची बिल्डिंग पाडून हे डेब्रिज निघालं, तो तर नक्कीच नाही.

नंतरच्या परवानगीचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे आणि सध्या त्यावर सगळीकडे अर्धवट बोललं जातंय. वनशक्ती या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२५ रोजी आधी काम, मग पर्यावरण मंजुरी ही पद्धत बंद केली. त्या खंडपीठावरही न्यायमूर्ती ओक होते. मग १८ नोव्हेंबर २०२५ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा मताने तो निकाल मागे घेतला. न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांनी विरोधी मत नोंदवलं, आणि माझ्या मते तेच बरोबर होतं, कारण नंतर परवानगी मिळते असा संदेश गेला की आधी अर्ज करणारा मूर्ख ठरतो. पण हा सगळा वाद कशाबद्दल होता ते बघा. जे प्रकल्प मंजुरी घेऊन करता आले असते आणि मंजुरी न घेता केले, त्यांच्याबद्दल. जे काम मुळातच निषिद्ध आहे, ते नियमित करायची सोय नंतरच्या मंजुरीची वाट देणाऱ्या जुन्या सरकारी परिपत्रकातही नव्हती. असं बांधकाम पाडायचंच म्हटलं होतं. तिवरांवर डेब्रिज टाकायची परवानगी आधीही मिळाली नसती. मग नंतर कशी मिळेल?

बुलेट ट्रेनवर मात्र मी भाऊजींशी वाद घालणार नाही. ९ डिसेंबर २०२२ रोजी उच्च न्यायालयाने त्या मार्गासाठी मुंबई, ठाणे आणि पालघरमधली सुमारे २० हजार तिवरं तोडायला मंजुरी दिली. सार्वजनिक हिताचं काम असेल तर न्यायालयाची परवानगी घेऊन कांदळवन तोडता येतं, ही वाट २०१८ च्या निकालातच ठेवलेली आहे. बदल्यात झाडं लावायच्या अटी असतात. त्या पाळल्या तरी दुसऱ्या गावात लावलेलं रोप तुमच्या सासऱ्यांच्या जाळ्यात चिंबोरी आणत नाही. हा अन्याय आहे, तो मोठ्याने बोलला पाहिजे. पण सरकारला निदान कोर्टात उभं राहून किती झाडं, कुठली, का, हे सांगावं लागलं. संख्या आधी ५० हजारांच्या वर होती, ती खाली आणावी लागली. रात्री बारानंतर येणारा डंपर कोणाला काय सांगतो?

ताई, भाऊजींच्या रागाचं मूळ मी समजू शकते. १९७० पासून नवी मुंबईसाठी सिडकोने ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या. १९८४ मध्ये उरणच्या आंदोलनात पाच जण हुतात्मे झाले, दि. बा. पाटलांनी लढा नेला, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळाली, आणि तेही कित्येकांना वर्षानुवर्षं खेटे घालून. ज्यांच्या आजोबांची मिठागरं आणि भातखाचरं गेली, त्यांना 'निसर्ग वाचवा' हे टॉवरच्या पंधराव्या मजल्यावरून ऐकवलं जातं तेव्हा संताप येणारच. फक्त या रागातून आत्ता फायदा कोणाचा होतोय ते भाऊजींसमोर मांडा. ठाण्यात, वाशीत, मुंबईत पुनर्विकासाच्या इमारती पाडल्या जातायत. ते डेब्रिज रीतसर प्रक्रियेला न्यायला पैसे लागतात. कंत्राटदार ते पैसे वाचवतो, खेपेमागे थोडे डंपरवाल्याच्या हातावर ठेवतो, आणि पकडला जातो तो नंबरप्लेटवरचा मालक. डेब्रिजचे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासूनचे आहेत. २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाच्या मालकाला आपल्या डेब्रिजचा हिशेब देणं त्यात बंधनकारक आहे. म्हणजे कायदेशीर वाहतुकीला काम वाढणार आहे. डंपरवाल्यांनी त्या कामात नाव नोंदवावं, चलन घेऊन दिवसाउजेडी गाडी न्यावी. भाऊजींना गाडी विकायला कोणी सांगत नाहीये.

म्हणून तक्रारीच्या आधी एकदा घरात बोला, असं मी सुचवेन. तुम्ही एकट्याने नाही. तुमच्या सासऱ्यांनी बोलावं, यजमानांनी शेजारी बसावं. मामंजींचं म्हणणं साधं आहे: माझं पाणी बंद झालं. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडून हे ऐकणं आणि नोटिशीत वाचणं यात भावकीत मोठा फरक पडतो. मुदत द्या, पुढच्या पौर्णिमेच्या उधाणापर्यंत. तोवर उघाडी मोकळी झाली, डंपर थांबले, तर भाऊजींचं नाव कुठेही न घेता उरलेलं डेब्रिज उचलायची मागणी करता येईल. उलट उत्तर आलं, किंवा बोलल्याच्या दुसऱ्या रात्री पुन्हा खेपा सुरू झाल्या, तर थांबू नका. यजमानांना हेही सांगा की वैर टाळायला गप्प बसलं आणि उद्या खात्याने स्वतःहून छापा टाकला, तर सातबाऱ्यावर नावं असलेल्या सगळ्या भावकीला नोटीस येऊ शकते. तुमच्या घरालासुद्धा.

मुदत मात्र एकच द्या. कारण सांगते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, म्हणजे पर्यावरणाचं कोर्ट, त्याच्या कायद्याच्या कलम १४ खाली अर्ज करायचा तर नुकसान पहिल्यांदा सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. फार तर आणखी ६० दिवस वाढवून मिळतात. पाऊस संपल्यापासून मोजा, किती उरलेत ते कळेल. भरपाई आणि जागा पूर्ववत करण्यासाठी कलम १५ आहे, त्याला पाच वर्षांची मुदत आहे. आपल्यासाठीचं पीठ पुण्याला बसतं. भरपाई मागितली नसेल तर अर्जाची फी एक हजार रुपये.

या न्यायाधिकरणाबद्दल कोळी बांधवांनी एक निकाल लक्षात ठेवायला हवा. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी पुण्याच्या पीठाने उरणच्या जेएनपीटी बंदराच्या विस्तारात भराव आणि कांदळवनतोडीमुळे मासेमारी बुडालेल्या १,६३० कुटुंबांना ९५ कोटींहून अधिक भरपाई द्यायचा आदेश दिला होता. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. पण भरतीच्या पाण्यावर पोट असणं हे मोजता येण्यासारखं नुकसान आहे, हे न्यायाधिकरणाने मान्य केलं. निवट्या-चिंबोऱ्या ही मामंजींची हौस नाही, उत्पन्न आहे. रोज किती मिळायचं, आता किती मिळतं, कुठल्या बाजारात विकायचे, हे त्यांच्याकडून आजच वहीत उतरवून घ्या.

पुरावा दिवसा गोळा करा. रात्री बांधावर जाऊ नका, डंपर अडवू नका, व्हिडिओ काढायला मुलांनाही पाठवू नका. या धंद्यात फक्त तुमचे भाऊजी नाहीत, आणि बाकीच्यांना तुमचं नातं आड येणार नाही. रात्री गाड्या दिसल्या तर घरातून ११२ ला फोन करा आणि वेळ लिहून ठेवा. दिवसा काढायचे फोटो: उघाडीचं बुजलेलं तोंड, डेब्रिजखालून डोकावणारी मुळं, पिवळी झाडं आणि त्यांच्यामागे ओळखू येईल असा एखादा विजेचा टॉवर किंवा इमारत. फोनमध्ये लोकेशन चालू ठेवा. भरतीच्या ऐन वेळी बांधाच्या दोन्ही बाजूंचा एक फोटो घ्या; बाहेर पाणी आणि आत कोरडं, हे एका चित्रात दिसलं की अधिकाऱ्यालाही फार समजावावं लागत नाही. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रह छायाचित्रं बघता येतात. मागच्या वर्षीचं हिरवं आणि आजचं राखाडी शेजारी छापा.

टोलवाटोलवीवर उपाय असा की सगळ्यांना एकच अर्ज एकाच दिवशी द्यायचा आणि प्रत्येकाची पोच घ्यायची. वनखात्याचा कांदळवन कक्ष, ठाण्याचे जिल्हाधिकारी, नवी मुंबई महापालिका, सिडको, आणि कोकण विभागीय आयुक्त. शेवटचं नाव विसरू नका: उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार नेमलेली कांदळवन समिती त्यांच्या अध्यक्षतेखाली असते आणि कार्यालय कोकण भवनात, बेलापूरला आहे. 'आमच्या हद्दीत नाही' असं कोणी म्हणालं तर ते लेखी मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करून विचारा: तक्रारीवर कोणत्या तारखेला कोणी पाहणी केली आणि पंचनाम्याची प्रत द्या. सोबत या सर्व्हे नंबरचा सीआरझेड नकाशाही मागा. ठाणे खाडीचा ६५ चौरस किलोमीटरचा पट्टा २०२२ पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. जागा त्याच्या हद्दीत येत असेल तर अर्जात ठळक लिहा, कारण डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रामसर स्थळांवर लक्ष ठेवायचं काम थेट उच्च न्यायालयांकडे दिलं आहे.

आता नावाचं. निनावी अर्ज करायला बंदी नाही, पण निनावी कागद फायलीत तळाला जातो. त्यापेक्षा गावातल्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज द्या. सीआरझेडच्या अंमलबजावणीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जी जिल्हा समिती असते, तिच्यात स्थानिक किनारी समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असावे लागतात. आपल्या बाजूचा प्रतिनिधी कोण आहे ते संस्थेने शोधून काढावं आणि त्याला बांधावर आणून दाखवावं. अर्जात 'अर्जदारांची नावं गोपनीय ठेवावीत' हे वाक्य घाला. आणि भाऊजींच्या दोन गाड्यांचे नंबर तुम्ही स्वतः लिहून द्यायलाच हवेत असं काही नाही. जागा, वेळ आणि नुकसान एवढं पुरेसं आहे. गाड्या पकडणं खात्याचं काम. पण कोणी चौकशीत विचारलं तर खोटं बोलू नका.

संस्था मागे हटली तर हरित न्यायाधिकरणाला साधं पत्र, फोटो जोडून, पाठवता येतं. न्यायाधिकरणाला स्वतःहून दखल घेता येते हे ७ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. पण पत्रावर दखल घेतली जाईलच याची खात्री नसते, तेव्हा सहा महिन्यांच्या आत रीतसर अर्जाची तयारी ठेवा. वकिलाच्या फीची चिंता करत असाल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. जाताना ओळखपत्र, तारखेसह छापलेले फोटो, मामंजींची वही आणि अर्जांच्या पोच न्या. गेल्यावर पहिल्याच भेटीत, मुदत कधी संपते ती तारीख सांगा.